आठवीनंतर घरशिक्षण: ऐरोलीच्या एका आईला उत्तर

पत्र थोडक्यात असं: मुलगी आठवी पास झाली, ऑगस्टमध्ये तिला १४ पूर्ण होतील. शाळा आणि क्लास मिळून दिवसाचे दहा तास जातात, ती पार कंटाळली आहे आणि नववीपासून घरीच शिकायचं म्हणते. स्वयंपाकाची मनापासून आवड, शेफ व्हायचं आहे. आई ठाण्यात बँकेत, सकाळी पावणेआठला घर सोडते आणि सात वाजता परतते. वडील रबाळे एमआयडीसीत शिफ्ट ड्युटीवर. घरी आजी आणि चौथीतला भाऊ. आईचे प्रश्न दोन: मुक्त विद्यालयातून दहावी केली तर पुढे अडेल का, आणि आमच्या धावपळीच्या घरात हे जमेल का?

नमस्कार ताई,

पहिला प्रश्न सोपा आहे, कारण त्याचं उत्तर नियमांत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या घराच्या घड्याळात आणि ओट्यावर आहे. म्हणून पहिला लवकर आटोपते.

कायद्याची भीती नातेवाईक घालतीलच. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात म्हटलेलं आहे. पण न घालणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा त्यात नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत प्रश्न ऑगस्टपर्यंतच्या काही महिन्यांचाच आहे.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हे केंद्र सरकारचं मान्यताप्राप्त बोर्ड आहे. दहावीला नाव नोंदवायला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात, आणि विषय सुटे सुटे पास होत गेले तरी चालतं. तुमच्या मुलीला ऑगस्टमध्ये १४ पूर्ण झाले की सप्टेंबरनंतर उघडणाऱ्या टप्प्यात नाव नोंदवा. मग पहिली परीक्षा पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हा मराठी आणि गृहविज्ञान देऊन मोकळं व्हायचं, आणि त्यानंतरच्या एप्रिल-मेमध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान. म्हणजे शाळेतल्या मैत्रिणींबरोबरच ती दहावी होते, वर्ष वाया जात नाही. तारखा दर वर्षी थोड्या हलतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. एक अडचण मात्र आहे: एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल राज्य मंडळाच्या निकालानंतर येतो आणि तोवर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. ठरावीक कॉलेजच हवं असा हट्ट असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

आता जिथे बहुतेक पालक चुकतात तो मुद्दा. एनआयओएसमध्ये पाच विषय लागतात, त्यात भाषा किमान एक आणि जास्तीत जास्त दोन. बाकीचे स्वतः निवडायचे. गणित आणि विज्ञान वगळूनही दहावी होता येतं. कंटाळलेल्या मुलीला ही सूट फारच आवडेल. देऊ नका. दहावीला गणित-विज्ञान नसेल तर अकरावी सायन्स विसरायचं, आणि सायन्स गेलं की खाण्याच्या क्षेत्रातल्या निम्म्या वाटा गेल्या. शेफ व्हायला सायन्स लागत नाही हे खरं. बारावी कोणत्याही शाखेची, इंग्रजी विषय घेऊन, आणि मग एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासूनची आहे, तिथलाही पदवीचा प्रवेश याच परीक्षेतून होतो. दहावीनंतर लवकर हात चालवायचा असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा फूड प्रॉडक्शन हा ट्रेडही आहे. पण अठराव्या वर्षी तिला वाटलं की आहारतज्ज्ञ व्हावं, किंवा माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेत, फूड टेक्नॉलॉजी करावं, तर पहिल्यासाठी रसायन आणि जीवशास्त्र, दुसऱ्यासाठी भौतिक, रसायन आणि गणित हवंच. तेराव्या वर्षी ‘शेफ’ म्हणणाऱ्या मुलांपैकी बरीच पुढे शेजारच्या वाटेने जातात, आणि त्यात वाईट काही नाही. शेफचं काम म्हणजे दहा-बारा तास उभं राहणं आणि सणासुदीला, रात्री कामावर असणं, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.

म्हणून विषय असे: इंग्रजी, मराठी, गणित, विज्ञान, गृहविज्ञान. ऊर्जा असली तर सहावा म्हणून व्यवसाय अध्ययन. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा, पुढच्या प्रवेशांत राज्याचा कोटा बघितला जातो. गणित, विज्ञान आणि गृहविज्ञानाला प्रात्यक्षिक असतं, ते कुठे होणार हे केंद्र निवडण्याआधी विचारा. स्वाध्याय, ज्यांना तिथे टीएमए म्हणतात, वेळेवर द्या. त्यांना २० टक्के भार आहे आणि घरी शिकणारी मुलं नेमकी तेच विसरतात.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात ही नोंद जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर शाळेच्या रजिस्टरमध्येच दुरुस्त करून घ्या आणि मगच दाखला काढा. एकदा बाहेर पडल्यावर एका वेलांटीसाठी शिक्षण खात्यात खेपा घालाव्या लागतात.

आता घर. तुम्ही लिहिता, ‘मी संध्याकाळी आल्यावर शिकवीन.’ नाही जमणार. सातला पोचून, भाजी निवडून, धाकट्याचा गृहपाठ बघून साडेनऊला गणित शिकवायचं म्हणजे तिसऱ्या आठवड्यात दोघींची भांडणं. तुम्ही शिकवू नका, तपासा. रोज रात्री ४० मिनिटं: आज काय केलं ते तिने सांगायचं, वहीतल्या दोन उदाहरणांवर तुम्ही बोट ठेवायचं, उद्याची पानं ठरवायची. गणिताला आठवड्यातून दोन दिवस शिकवणारं कोणी तरी बाहेरचं लावाच. हा खर्च टाळण्यासारखा नाही. वडिलांची शिफ्ट बदलती असल्यामुळे त्यांच्याकडे ठरावीक वार देऊ नका, ठरावीक काम द्या: आठवड्यातून एकदा विज्ञानाचा एक प्रयोग, ज्या दिवशी ते घरी असतील त्या दिवशी.

एकट्या मुलाला शाळेइतके तास लागत नाहीत. सकाळी साडेआठ ते साडेअकरा, ५० मिनिटांचे तीन तास, मध्ये दहा मिनिटं. पहिला तास रोज गणिताचाच. साडेअकरा ते साडेबारा स्वयंपाकघर. दुपारी दोन ते चार वाचन आणि स्वाध्याय. पाचनंतर मैदान, नाट्यवर्ग, काहीही, पण घराबाहेर आणि तिच्या वयाच्या मुलांत. शनिवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊ द्या. १८९३ सालचं ते ग्रंथालय तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे.

स्वयंपाकघराचा तास हा विषय म्हणून चालवायचा असेल तर रोज नवा पदार्थ ही पद्धत सोडा. व्हिडिओ बघून सोमवारी पास्ता, मंगळवारी ब्राउनी केली तर हाती फोटोच लागतात. पंधरा दिवस एकच क्रिया, आणि वजनकाटा. ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आणि एक थर्मामीटर, सुरुवातीला इतकंच घ्या.

पहिला पंधरवडा पोळीचा. १०० ग्रॅम कणकेला ६०, ६५ आणि ७० मिलिलीटर पाणी घालून तीन गोळे. प्रत्येकाचा अर्धा भाग लगेच लाटायचा, अर्धा २० मिनिटं झाकून मग. लगेच लाटलेली पोळी आकसते, कारण मळताना ताणलेलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, अजून सैल झालेलं नसतं. गिरणीतून आणलेल्या कणकेत कोंडा जास्त, तो पाणी सावकाश पितो, म्हणून आधी सैल वाटलेला गोळा नंतर बरोबर लागतो. हे सगळं वहीत तारखेसह.

मग इडली. वजनाने एक भाग उडीद डाळ, तीन भाग तांदूळ, वेगवेगळे पाच-सहा तास भिजवून. मिक्सरमध्ये वाटत असाल तर थंड पाणी वापरायचं, नाही तर पीठ गरम होतं आणि आंबणं बिघडतं. वाटलेल्या उडदाचा थेंब पाण्यात तरंगला पाहिजे. बुडला तर हवा कमी भरली आहे, इडली दगड होणार. पावसाळ्यात आठ तासांत फुगणारं पीठ जानेवारीच्या रात्री बारा-चौदा तास घेतं. तापमान आणि वेळ मांडून आलेख काढला की तो विज्ञानाचाही तास झाला.

चार जणांची आमटी बारा जणांची करताना डाळ तिप्पट होते, पाणी तिप्पट लागत नाही. वाफ पृष्ठभागावरून जाते आणि मोठ्या पातेल्याचं तोंड तिप्पट रुंद नसतं. मीठ शेवटी, चव घेत. खर्चाचा हिशेब तिनेच करायचा. मटार ८० रुपये किलो, पण किलोभर शेंगांतून ४५० ग्रॅम दाणे निघाले तर दाण्यांचा भाव १७८ रुपये किलो पडला. आपल्या गल्लीतला भाव आणि वाशीच्या एपीएमसीतला घाऊक भाव यांत किती अंतर आहे, हे ती वडिलांबरोबर जाऊन लिहून आणू शकते. शेकडेवारीचं प्रकरण यापेक्षा बरं शिकवता येत नाही.

भाताबद्दल एक बदल लगेच करा. सकाळी सहाला लावलेला भात तुमच्या घरी दुपारी एकला आजी आणि मुलं खातात, असं तुम्ही लिहिलं आहे. शिजवण्यातून बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू वाचतात, आपल्या दमट हवेत ओट्यावरच्या भातात वाढतात, आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. भात ताजा साडेअकराच्या तासात होऊ दे. उरलेला पसरट ताटात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

गॅसबद्दल नियम कडक ठेवा: घरात आजी जागी नसेल तर तळण नाही, कुकर नाही. झाल्यावर रेग्युलेटर बंद.

आणि आता ज्यासाठी हे उत्तर इतकं लांबलं ते. मुलगी घरी राहिली की महिन्याभरात ‘तू घरीच आहेस ना’ सुरू होतं. आजीचा चारचा चहा, भावाचा डबा, सिलिंडरवाल्यासाठी दार उघडणं, पाहुण्यांचे पोहे. एकेक काम दहा मिनिटांचं. सगळी मिळून गणिताचा तास खातात, आणि मग लोक म्हणतात की घरशिक्षण फसलं. तिचा स्वयंपाक एक तास, आठवड्यातून पाच दिवस. त्यापलीकडची कामं चौघांत वाटून घ्या आणि फ्रिजवर लावा. चौथीतला मुलगा स्वतःचा डबा घासू शकतो, पाण्याच्या बाटल्या भरू शकतो. तुमचे यजमान रात्रपाळीहून आल्यावर स्वतःचा चहा करू शकतात. हे तुम्ही बोलायचं आहे, मुलीने नाही; आजीसमोर ती बोलली तर उद्धट ठरेल.

तिच्या आत्याने केकच्या ऑर्डर घ्यायला सुचवलं आहे, ते दहावीपर्यंत नको. घरून विकायलाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि ऑर्डर आली की अभ्यासाची वही बाजूला पडते. ओळखीच्या हॉटेलात ‘अनुभवासाठी’ पाठवणं तर नकोच. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने मनाई आहे.

दाखला आत्ता काढू नका. शाळा जूनच्या मध्याला उघडतील, तोवर मे महिन्यातले चार आठवडे वरचं वेळापत्रक जसंच्या तसं चालवा, गावी जाणं पुढे ढकलून. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि गणिताचा तास बुडाला त्या दिवशी फुली मारा, कारणासह: झोप, मोबाइल, पाहुणे, घरकाम. आठवड्याला दोनपेक्षा जास्त फुल्या पडल्या आणि कारण घरकाम असेल, तर चूक घराची आहे, ती आधी दुरुस्त करा. कारण झोप किंवा मोबाइल असेल तर नववी शाळेतच होऊ दे, फार तर क्लास बंद करा. पुढच्या वर्षी नववीनंतर मार्च ते जुलैच्या टप्प्यात नोंदणी केली तरी त्यानंतरच्या एप्रिल-मेमध्ये पाचही विषय देता येतात, आणि राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देण्याची सोय आहेच.