मला सायकलिंगमधलं काही कळत नाही. सातपुड्यातल्या लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून गेलो तर माझा काही उपयोग होईल का?

होईल. जाच तुम्ही. मी शहाद्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शर्यतीत कधी उतरले नाही, पण तोरणमाळच्या वाटेवर चार हिवाळे पाण्याच्या पॉइंटवर उभी राहिले आहे. तिथलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे येणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाचा नंबर लिहिणं, आणि त्याला सायकल यावी लागत नाही.

क्रॉस कंट्री मॅरेथॉन प्रकारातली शर्यत साधारण ६० ते १६० किलोमीटरची असते. सुरुवातीला सगळे घोळक्याने निघतात, राणीपूर सोडून चढ लागला की पांगतात. पहिला सकाळीच निघून जातो, शेवटचा येईपर्यंत ऊन डोक्यावर येतं. मध्ये जंगल, मोबाइलला रेंज नाही. कोण कुठवर पोचलं ते तुमच्या वहीवरूनच कळतं. पहिल्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी तिघं एकदम आले. दोघांचे नंबर लिहिले आणि तिसऱ्याची बाटली भरायला धावले. संध्याकाळी हिशेबात एक माणूस कमी! सगळ्यांच्या मागून येणारी स्वीपची दोन पोरं दिवसभर दमलेली, तरी अंधार पडता पडता पुन्हा घाट उतरली. तो माणूस वर यशवंत तलावाजवळ केव्हाच पोचला होता. त्या पोरांची तोंडं मला अजून आठवतात. तेव्हापासून आमच्या पॉइंटवर आधी नंबर, मग वेळ, मग पाणी. एकाने नंबर मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणत लिहायचा.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चांगल्या मनाने चुका इथेच होतात. आपल्याकडे दमलेल्या माणसाला पाणी पाजत राहायची सवय. पण तासन्‌तास घाम गाळलेला माणूस नुसतं साधं पाणी पीत राहिला, तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोलणं भरकटतं. दुसऱ्या वर्षी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. "ताई, वर किती राहिलं?" मी सांगितलं. दोन घोट प्याले, पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्यांचा नंबर विचारला, तर हँडलवरची पाटी समोर असून त्यांना ती वाचता येईना. सावलीत बसवलं, मोटारसायकलवाल्या पोराला डॉक्टरांकडे पिटाळलं. ते चिडले, उठू लागले. मी हँडल धरून उभी राहिले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, सकाळपासून साध्या पाण्यावर होते, मीठ अजिबात नव्हतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर नीट ऐका. जीवनरक्षक साखर-मीठ पावडरचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. पेल्यात अख्खं ओतणारे मी पाहिलेत, तसं करू नका.

खाण्यात आपली केळी सगळ्यांत उत्तम. हातमोजे घातलेल्या, थरथरणाऱ्या बोटांना साल सोलता येत नाही, म्हणून सालीसकट अर्धी कापून, टोक थोडं सोलून ठेवा. सोबत मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि गूळ-शेंगदाणे. साली मात्र संध्याकाळी एकूण एक गोळा करायच्या, ते जंगल पावरा-भिल्लांच्या वस्त्यांचं आहे, त्यांची गुरं तिथे चरतात.

पंक्चर हा आपल्या भागातला मोठा ताप. बाभळीचा काटा टायरमध्ये दिसला की हात शिवशिवतो. उपटू नका! बऱ्याच चाकांत आता ट्यूब नसते, आत चीक असतो, तो भोक बुजवतो. काटा आहे तोवर हवा बहुधा टिकते, उपटला तर फस्सकन जाऊ शकते. चाक त्याचं, काय करायचं ते त्यालाच ठरवू दे. शिवाय पुष्कळ स्पर्धांत ठरलेल्या पॉइंटशिवाय बाहेरची मदत घेतली की स्पर्धक बाद होतो. चढावर मागून ढकलायचा मोह आवरा.

सगळ्यात जड काम म्हणजे वेळ संपल्यावर थांबवणं. कोलोरॅडोतली लेडव्हिलची १०० मैलांची शर्यत १९९४ पासून चालते, तिथेही १२ तासांच्या आत आलेल्यालाच पट्ट्याचं मानाचं बक्कल मिळतं. इथे वेळेची अट अंधारासाठी असते. दोन मिनिटं उशिरा आलेला पोरगा हात जोडतो, "ताई, जाऊ द्या ना." जाऊ द्यायचं नाही. आधी खुर्ची द्या, मग पाणी, मग सांगा. उभ्या उभ्या, बाकीच्यांसमोर सांगू नका. तो रडला तर रडू द्या, शेजारी बसा. गेल्या वर्षी नंदुरबारकडचा एक जण अर्धा तास माझ्या खुर्चीशेजारी गप्प बसला होता, मग स्वतःच उठून मागच्यांना पेले द्यायला लागला.

आयोजकांना फोन कराल तेव्हा सुरुवातीचा पॉइंट मागू नका, तिथे गर्दी असते आणि माणसंही भरपूर मिळतात. घाटातला शेवटून दुसरा मागा, आणि स्वीप पुढे गेल्याशिवाय जागा सोडू नका. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं, स्वेटर घ्या. नंबर लिहायला पेन नको, पेन्सिल न्या. दवाने ओल्या झालेल्या कागदावर तीच चालते.