पाच वर्षं ताब्यापासून मोजा, सोसायटीच्या कारभारापासून नाही

पुण्यातल्या एका संकुलाच्या सचिवांचा प्रश्न, आणि असे प्रश्न सतत येतात: सोलरचं पाणी कोमट येतं, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) बंद, पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा पुनर्भरणाचा खड्डा तुंबलेला, पाणी टँकरचं. कारभार सोसायटीकडे येऊन तीनच वर्षं झाली, म्हणजे बिल्डरला धरायला अजून दोन वर्षं आहेत ना?

नाहीत. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा स्थावर मालमत्ता कायदा, याच्या कलम 14(3) मधली पाच वर्षं ताबा दिल्याच्या तारखेपासून धावतात. तुमचे पहिले ताबे चार वर्षं दहा महिन्यांपूर्वीचे. त्या सदनिकांसाठी हातात दोन महिने आहेत. साइट इंजिनिअरला व्हॉट्सॲपवर सांगत तुम्ही एवढी वर्षं घालवलीत, ती आता परत येणार नाहीत.

या मुदतीत दोष बिल्डरच्या नजरेस आणणं पुरेसं आहे, तक्रार नंतरही चालते. पण कलमात शब्द ‘सदनिका घेणाऱ्याने’ असा आहे. म्हणून नोटीस फक्त सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवू नका. शक्य तितक्या खरेदीदारांच्या सह्या घ्या, प्रत्येकापुढे सदनिका क्रमांक आणि ताब्याची तारीख लिहा. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा, ईमेलही करा. तीस दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्ती केली नाही, तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार.

नोटिशीत ‘सोयी निकृष्ट’ असं लिहिलंत तर बिल्डर एका वाक्यात सुटेल: देखभाल तुमची होती. त्यामुळे बांधणीतला दोष वेगळा काढा. सोलरच्या नळ्यांत क्षार साचले, ही देखभाल. थंड पाण्याच्या इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच बसवलेला नाही आणि गरम पाणी मागे जातं, हा दोष. खड्ड्यातली वाळू-खडी गाळाने भरली, ही देखभाल. मंजूर नकाशात असलेला बोअर खाली घेतलेलाच नाही, हा दोष. एसटीपीसाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. फ्लशची टाकी तरीही भरत राहिली, तर ती प्रक्रिया केलेल्या पाण्याऐवजी ताज्या पाण्याच्या लाइनीला जोडलेली आहे, हा दोष. फोटो काढा, प्लंबिंगच्या जाणकार इंजिनिअरचा सहीचा अहवाल जोडा. मंजूर नकाशा आणि करारातली सोयींची यादीही जोडा. सोयी करारात नसून नुसत्या माहितीपत्रकात असतील तर खोट्या जाहिरातीबद्दलचं कलम 12 आहे, पण तिथे युक्तिवाद लांबतो.

टँकरची भरपाई मिळेल का, हे बिलांवर आणि महानगरपालिकेचं पाणी किती येत होतं यावर ठरेल. त्याची खात्री देत नाही. तक्रार साठ दिवसांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि उन्हाळे निघून जातात. निकालाची वाट बघत एसटीपीचा ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवू नका. दुरुस्त करा, बिलं सांभाळा, पण आधी जुन्या अवस्थेचा पंचनामा करून घ्या.