वाग्गेयकार, बंदिशकार की संगीतकार?

प्रश्न: सांगलीत आमच्या संगीत मंडळाची कार्यक्रमपत्रिका छापायला जायची आहे. कलाकार ख्याल गातात, बंदिशी बांधतात, दोन नाटकांना त्यांनी चाली दिल्या आहेत आणि ते पेटीचं एकलवादनही करतात. नावाखाली 'वाग्गेयकार' लिहावं की 'संगीतकार'? की 'गायक-वादक-संगीतकार-रचनाकार' असं सगळंच लिहावं?

उत्तर: सगळं नको, ती विशेषणांची मालगाडी होते. आधी कलाकारांनाच विचारा, बंदिशींचे (ख्यालात गायच्या बांधीव गीतांचे) शब्दही तुमचेच का? 'वाग्गेयकार' लिहायचं की नाही हे त्या उत्तरावर ठरतं.

वाक् म्हणजे शब्द आणि गेय म्हणजे स्वरांचा भाग. 'वाचं गेयं च कुरुते यः स वाग्गेयकारकः' (शब्द आणि गेय दोन्ही करतो तो वाग्गेयकार) ही व्याख्या शार्ङ्गदेवाची, तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'तली. शब्दांना तो 'मातु' म्हणतो, स्वरबांधणीला 'धातु'. दोन्ही उत्तम साधणारा उत्तम, धातु चांगला पण मातु कच्चा तो मध्यम आणि शब्द देखणे पण धातु कच्चा तो अधम. कवींना हे रुचणार नाही, पण ग्रंथ संगीताचा आहे. दुसऱ्याच्या चालीत आपले शब्द बसवणाऱ्याला त्याने वेगळंच नाव दिलंय, 'कुट्टिकार'. हा शब्द मराठीत रुजला नाही, काम मात्र आपल्याकडे भरपूर झालं. हरिपूरच्या गो. ब. देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या (१८९९) जुन्या छापील प्रती पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल – अमुक' अशी ओळ असते. चाल आधीची, शब्द देवलांचे.

'संगीतकार' याच्या उलट्या टोकाला. मराठीत या शब्दाचा रूढ अर्थ चाली देणारा, आणि शब्द बहुधा दुसऱ्याचे. 'मत्स्यगंधा' नाटकाची (१९६४) बहुतेक पदं रहिमतपूरच्या वसंत कानेटकरांची, चाली जितेंद्र अभिषेकींच्या. तिथे अभिषेकीबुवा संगीतकार. हिंदीत मात्र गायक-वादकालाही 'संगीतकार' म्हणतात. हिंदी परिचयपत्रावरून मराठी मजकूर करताना तोच शब्द तसाच उतरतो आणि नुसते सतारवादक 'प्रसिद्ध संगीतकार' होऊन बसतात. 'संगीत दिग्दर्शक' हा नाटक-सिनेमाचा शब्द, त्यात पार्श्वसंगीत आणि वाद्यमेळाची जबाबदारीही आली. वाद्यमेळ दुसऱ्याने बांधला असेल तर 'संगीत संयोजक' म्हणून त्याचं नाव वेगळं द्यावं. 'रचनाकार' टाळा, कवीलाही तेच म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'रचना' या शब्दाचं तसं नाही. अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या बंदिशींच्या पुस्तकाचं नावच 'रागरचनांजली' आहे.

तुमच्या कलाकारांनी शब्द आणि स्वर दोन्ही केले असतील, तर 'वाग्गेयकार' चूक नाही. कर्नाटक संगीतात त्यागराजांसारख्यांना तो सर्रास लावतात. तरी पत्रिकेत मी 'बंदिशकार' लिहीन. ख्याल ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो आणि त्यात पदवी दिल्याचा आव नसतो.

शब्द दुसऱ्याचे असतील तर मात्र जपून. बंदिशीतली मुद्रा, म्हणजे शब्दांत गुंफलेलं टोपणनाव, शब्द कोणाचे ते सांगते: 'प्रेमपिया' फैयाज खाँ, 'गुनिदास' जगन्नाथबुवा पुरोहित, 'रामरंग' रामाश्रय झा. 'रामरंग' मुद्रा असलेले शब्द कोणी दुसऱ्या रागात बांधले, तर 'स्वतःची बंदिश' असं छापता येणार नाही. तिथे 'शब्द' आणि 'स्वररचना' अशी दोन नावं द्यावीत. अभंगाचंही तेच: शब्द संतांचे, फक्त चाल यांची.

नावाखाली त्या संध्याकाळी जे सादर होणार तेवढंच घाला: 'गायक व बंदिशकार'. उत्तरार्धात पेटी असेल तर तिथे 'एकल संवादिनीवादन'. बोलण्यात पेटी, छापताना संवादिनी, हा आता रिवाजच आहे. नाटकांच्या चाली आतल्या परिचयात, नाटकाच्या नावासकट. गोविंदराव टेंबे पेटी वाजवत, नाटकांत भूमिका करत. सांगलीच्याच खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला (१९११) चाली त्यांच्या, आणि 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात (१९३२) संगीतही त्यांचं, हरिश्चंद्रही तेच. एवढं सगळं नावाखाली कसं मावणार? नाटकाच्या जाहिरातीत ते संगीतकार, पेटीच्या बैठकीत वादक.

मुद्रितशोधनात एवढं पाहा. 'वाग्गेयकार'मध्ये ग्ग हवा, 'वागेयकार' चूक. बंदिशचं अनेकवचन बंदिशी. चीज (बंदिशीचंच दुसरं नाव) दीर्घ, पण चिजा ऱ्हस्व. 'स्वररचना' एकच शब्द, मधे जागा नको. स्त्री कलाकार असतील तर गायकाचं गायिका होतं. वाग्गेयकार, बंदिशकार, संगीतकार हे तसेच ठेवावेत: 'गायिका व बंदिशकार'.