पोळा जवळ आला की झोप उडते

श्रावण अर्धा सरला की यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून एकच बोलणं पुन्हापुन्हा कानावर येतं, "पोया आला का छातीत धडधड होते, मॅडम." घरचा कर्ता माणूस आत्महत्येनं गेलेला असतो. वर्षभर निंदणाला जाणारी, पोरांचं सगळं करणारी बाई नेमकी याच दिवसांत कोलमडते. हे वेड नव्हे. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात, त्या खांदशेकणीची हळद, फवारणीचा वास, ओली हवा. कॅलेंडर बघायच्या आधीच शरीराला तो दिवस कळतो.

अशाच एका ताईंचा नवरा पोळ्याच्या आठवड्यात गेला होता. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) सासू बोलायची ती टोमण्यातच, "तुया पायगुणानं." समुपदेशनाच्या तीन-चार भेटी त्यातच गेल्या. मग विकलेल्या बैलजोडीचा विषय निघाला.

"घुंगरमाळ कुठं आहे?"

"दाराच्या मांगं, खुंटीवर. आईनं वरून लुगडं टाकलं."

"काढली तर?"

"वाजन ना ते. आई रडतीन."

"आणि तुम्ही?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या कितीतरी वेळ गप्प राहिल्या. "आमी दोघी सोबत कदीच नाई रडलो, मॅडम."

त्या वाक्यानं मला वाट दिसली. 'टोमण्यांकडे लक्ष देऊ नका' हा सल्ला मला कधीच पुरेसा वाटला नाही. इथं टोमण्यामागं लेकराच्या नावानं न रडलेली आई होती. मारहाण असेल तर मात्र समजून घेत बसू नका, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

पुढच्या भेटीला सासूबाईही आल्या. ठरलं एवढंच: खांदशेकणीच्या सांजेला दोघींनी मिळून माळ उतरवायची, पुसायची, त्याचं नाव घ्यायचं. पुरणपोळी नको, साधा वरणभात. पूर्ण सण पेलत नाही आणि पूर्ण टाळला की घर आणखी मुकं होतं. झेपेल तेवढाच तुकडा घ्यावा.

तयारी 15 दिवस आधी करावी. ऐन सणाच्या दिवशी ठरवायला गेलं की भांडण होतं. पाहुण्यांसोबत किती वेळ बसायचं, जीव घाबरला तर कोणत्या शेजारणीकडं जायचं, हे आधीच बोलून ठेवा. वाटणीचा विषय निघाला तर एकच वाक्य: "सण होऊ द्या, मंग बसू." घाबरू नका. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा, मुलं आणि मृताची आई यांचे त्याच्या मालमत्तेत सारखे हिस्से असतात. धडधड वाढली की तळपाय जमिनीला दाबून चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं.

आणि सगळ्यात आधी फवारणीचं औषध घरातून हलवा. पोळा फवारणीच्या हंगामातच येतो. डबे घराबाहेर कुलपात ठेवा, किल्ली भरवशाच्या माणसाकडं. मरणाचे विचार आले तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. रात्री-अपरात्रीही लागतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, त्या ताईंचा मुलगा लाकडी बैल घेऊन निघाला, तेव्हा बैलाच्या गळ्यात त्या माळेतले दोन घुंगरू होते. आजीनं ओवले होते.