35 वर्षं जुना केमिकल प्लांट: पैसे घालावे की प्लॉट काढून मोकळं व्हावं?

तुम्ही विचारलंय की बडोद्याजवळच्या नंदेसरीतला वडिलांचा डाय इंटरमीडिएटचा (रंग बनवायला लागणारा कच्चा माल) प्लांट 35 वर्षं जुना झालाय, ऑटोमेशनवाल्याने भलंमोठं कोटेशन दिलंय, तर पैसे घालावे की प्लॉट काढून टाकावा. मी बडोद्याचाच, घर दांडिया बाजारात, 26 वर्षं याच पट्ट्यात मेंटेनन्समध्ये काढली, म्हणून सरळ सांगतो, ते कोटेशन आत्ता कपाटात ठेवा.

आधी अल्ट्रासॉनिक गेजवाला बोलवा आणि प्रत्येक टाकीची, लाइनची जाडी मोजून घ्या, तीही इन्सुलेशन काढून. आमच्याकडे एक टाकी होती, वरून क्लॅडिंग (इन्सुलेशनवरचा पत्रा) एकदम चकाचक, आणि सोललं तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले, 10 मिमीची प्लेट तळाशी साडेतीनवर आलेली आणि खालून माणसं रोज ये-जा करत होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. अशा टाकीला डीसीएस (कॉम्प्युटरवरून प्लांट चालवायची सिस्टीम, म्हणजे तेच ऑटोमेशन) काय वाचवणार? ग्लास लाइन्ड (आतून काचेचा थर असलेले) रिअॅक्टर असतील तर स्पार्क टेस्ट करा, म्हणजे थराला कुठे भोक पडलंय ते ठिणगीने कळतं, आणि आतमध्ये दुरुस्तीसाठी टँटलम धातूचे किती प्लग मारलेत ते मोजा, म्हणजे वय कळेल.

आता नायट्रेशन, म्हणजे नायट्रिक अॅसिड घालून करायची, भरपूर उष्णता सोडणारी रिअॅक्शन. ऑपरेटर अजून डायल बघून हाताने अॅसिडचा व्हॉल्व्ह फिरवतो का? मग टेम्परेचर चढलं किंवा अॅजिटेटर (आतला ढवळणारा पंखा) थांबला की अॅसिड आपोआप बंद होईल असा इंटरलॉक आणि नीट हिशेबाने बसवलेली रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट देणारी चकती), एवढं लगेच करा. याचा पेबॅक विचारू नका. 1984 ला भोपाळचा कारखाना तोट्यात होता, रेफ्रिजरेशन बंद ठेवलेलं, फ्लेअरचा (गॅस जाळून टाकणारा टॉवर) पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. एवढ्यालाही पैसा नसेल तर बंद करा, पण "दोन वर्षं असंच चालवू" हे मात्र करू नका, शिफ्टला कुणाची तरी पोरं असतात हो.

परत येणारा पैसा बहुतेक वेळा स्टीममध्ये सापडतो, गळके ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह), इन्सुलेशन नसलेल्या उघड्या लाइनी, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) सरळ गटारात. तिथे थोड्या खर्चात बिल खाली येतं, आणि मोठा खर्च झेपेल का तेही कळतं.

मोठा खर्च मात्र प्रॉडक्ट बघून. पुढची आठ-दहा वर्षं तुमचा माल घेणारे कोण, आणि किलोमागे एफ्लुएंट (सांडपाणी) किती निघतं? आपलं हे सांडपाणी 1983 पासून चॅनलने पार खंभातच्या आखातापर्यंत जातं, पण ते आधी नॉर्ममध्ये (ठरवून दिलेल्या प्रदूषण मर्यादेत) आणायचा खर्च तुमचाच, आणि जुन्या प्रोसेसमध्ये मार्जिन तिथेच जातं. म्हणून ऑटोमेशनच्या आधी प्रोसेसवाल्या केमिस्टला बसवा, यील्ड (कच्च्या मालातून निघणारा तयार माल) वाढलं तर पाणीपण सुधारतं.

आणि प्लॉट विकायचं म्हणाल तर जीआयडीसीची (गुजरात सरकारचं औद्योगिक महामंडळ) जमीन लीजवर असते, ट्रान्सफरला त्यांची परवानगी आणि फी लागते, जुन्या टाक्या, गाळ साफ करायचा खर्चही धरा. तो आकडा वजा केल्याशिवाय वडिलांशी विकायची गोष्ट काढू नका.