नागपूरच्या उन्हात इलेक्ट्रिक कार घ्यावी, की अजून दोन वर्षं थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर मनीषनगरला, नोकरी बुटीबोरीला, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, महिन्यातून एकदा अमरावती. इलेक्ट्रिक कार घ्यायची हौस आहे, पण आगीच्या बातम्या, सबसिडी बंद झाल्याच्या बातम्या आणि आपला मे महिना, या तिन्हींपायी घरचे नाही म्हणताहेत.

आधी उन्हाचं सांगतो. ३० मे २०२४ आठवतो का? रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि संध्याकाळपर्यंत देशभर नागपूरच नागपूर. पुण्याच्या मावशीचा फोन आला, "जिवंत आहात ना रे?" पुढे खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आपला खरा उच्चांक ४७.९, तो २३ मे २०१३ चा. उन्हात बॅटरी टिकत नाही, या बातम्या मला त्या ५६ अंशांसारख्या वाटतात. ऊन खरं आहे, आकडा फुगलेला आहे.

माझ्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर २०२१ पासून आणि कार २०२३ पासून आहे. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि नावं सांगणार नाही, कारण पुढे तक्रार करायची आहे. कारनं तीन उन्हाळे काढले. जानेवारीत एका चार्जमध्ये २६० किलोमीटर जाते, मे महिन्यात एसी पूर्ण चालू ठेवून २२५. ही घट एसीची आहे, बॅटरीची नाही. पावसाळ्यात आकडा परत वर येतो. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते हे शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण तिला खरं मारतं ते तापलेलं असणं, शंभर टक्के भरलेलं असणं आणि तासन् तास तसंच उभं राहणं, हे तिन्ही एकदम. म्हणून मी घरी आल्या आल्या प्लग लावत नाही. जेवण होतं, बातम्या होतात, अकराच्या सुमारास लावतो. गाडी घेताना एवढं विचारा की बॅटरीला द्रवाचं कूलिंग आहे की नुसत्या हवेचं, आणि सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीचे आहेत का. एलएफपी उन्हाला जास्त दाद देत नाहीत. सेल्समनला माहीत नसेल तर माहीत असलेला माणूस बोलवायला सांगा. लाजू नका, दहा-पंधरा लाख तुमचे चाललेत.

आगीचं म्हणाल, तर २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या होत्या, ते खोटं नाही. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. तुमची नवी गाडी त्या नियमानंतरचीच असेल. मला भीती वाटते ती बॅटरीची नाही, घरातल्या वायरिंगची. ज्या घरात कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या घराला अर्थिंग म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. त्याच लाइनवर रात्रभर कूलर, आणि त्याच बोर्डातून एक्स्टेंशन काढून कार? नको जी. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मीटरपासून वेगळी लाइन ओढून घ्या, अर्थिंग तपासा. माझा खर्च नऊ हजार झाला. बायको म्हणाली, कारपेक्षा कूलरचाच शॉक गेला, ते बरं झालं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या स्कूटरची स्क्रीन मेली. फक्त स्क्रीन. बॅटरी ठीक, मोटर ठीक, टायर ठीक. पण ह्या गाडीला किल्लीच नाही. चालू करायची तर स्क्रीनवर आकडा टाकावा लागतो. साध्या स्कूटरचा काटा बंद पडला तर माणूस वर्षभर तशीच चालवतो. इथे आरसा फुटला म्हणून घराला कुलूप लागल्यासारखं झालं. चौकातला आमचा मेकॅनिक, ज्यानं माझ्या वडिलांची लुना पण दुरुस्त केली, तो म्हणाला, "काहून भाऊ, बॅटरी गेली का?" मी म्हटलं नाही, टीव्ही गेला. तो हसला आणि हात पुसत निघून गेला. त्याला ती उघडताच येत नाही, आणि उघडली तर वॉरंटी जाते.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "होते ना जी दोन दिवसात." दोन दिवसांचे सदतीस दिवस झाले. पार्ट बंगळुरूहून येणार, मग आला पण दुसऱ्या मॉडेलचा आला, मग शहरातला एकुलता एक ट्रेनिंग घेतलेला मुलगा नोकरी सोडून गेला. ॲपवर रोज सकाळी हिरवी टिकली दिसायची, 'काम सुरू आहे'. मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार दिली. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं की ग्राहकाशी बोलणं झालं, विषय मिटला. कुणीही बोललेलं नव्हतं. शेवटी मी स्वतःच एक पानी नोटीस लिहिली: जॉबकार्डचा नंबर, तारखा, ऑटोवर झालेला खर्च, आणि पंधरा दिवसांत गाडी दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. रजिस्टर्ड पोस्टानं कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पाठवली. सहाव्या दिवशी स्क्रीन बसली.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की बातमी बॅटरीची होते आणि त्रास सर्व्हिस सेंटरचा होतो. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका मोठ्या स्कूटर कंपनीला नोटीस काढली तेव्हा हेल्पलाइनवर तिच्या दहा हजारांहून जास्त तक्रारी जमल्या होत्या. त्याआधी २०२३ मध्ये काही कंपन्यांना ग्राहकांकडून चार्जरचे वेगळे घेतलेले पैसे परत करावे लागले. सबसिडीची किंमतमर्यादा ओलांडू नये म्हणून चार्जर बिलाबाहेर ठेवला होता. हुशारी बघा! हे तंत्रज्ञानाचे दोष नाहीत, हा व्यापार आहे.

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. शनिवारी सकाळी, मागच्या बाजूनं. धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या मोजा. काचेवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ असेल तर ती गाडी महिनाभर तरी तिथेच आहे. बाहेर चहाच्या टपरीवर दोन मालक हमखास भेटतील, त्यांना फक्त "किती दिवस झाले?" एवढं विचारा. शोरूमच्या एसीत तासभर बसून कळणार नाही ते इथे दहा मिनिटांत कळेल. वॉरंटी कागदावर मागा. बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर हे आता नेहमीचं झालंय, काही कंपन्या पहिल्या मालकाला 'आजीवन' म्हणतात. पण गाडी विकल्यावर दुसऱ्या मालकाला काय मिळतं आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार, हे बारीक अक्षरात असतं. बिल, जॉबकार्ड, व्हॉट्सॲपचं बोलणं, सगळं जपून ठेवा. आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही.

बाकीचं भराभर. घरी स्वतःचा प्लग नसेल तर घेऊच नका. २६ मे २०१७ ला याच शहरात फडणवीस आणि गडकरींच्या हस्ते दोनशे इलेक्ट्रिक गाड्यांचा टॅक्सी ताफा सुरू झाला होता. वर्ष संपायच्या आत ड्रायव्हर चार्जिंगच्या रांगेत तासन् तास बसून कंटाळले, कित्येकांना डिझेल गाडी परत हवी होती. ऊन तेव्हाही होतं, पण अडलं ते रांगेत.

रोजच्या पन्नास किलोमीटरला साधारण आठ युनिट लागतील, महिन्याला दोनशेच्या वर. घरच्या मीटरवर घेतलंत तर बिल थेट वरच्या स्लॅबमध्ये जाईल, हे कुणी आधी सांगत नाही. गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं, तो दर विचारून घ्या. वरच्या स्लॅबचा दर धरला तरी पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच पडतं. (वीज कोराडीच्या वीजकेंद्रातल्या कोळशाचीच आहे, त्यामुळे पर्यावरण वाचवतोय असं सासऱ्यांना सांगू नका. ते कोराडीलाच राहत असतील तर मुळीच नको.)

अमरावतीला जाणं-येणं तीनशे होतं. कागदावरची रेंज ४५० असली तरी तिचे सत्तर टक्केच खरे धरा, आणि परतताना तिथे जेवणाच्या वेळात चार्ज करा. समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, केंद्राच्या महामार्गावर टोल तसाच. समृद्धीवर १२० नं हाणली तर रेंज अशी वितळते की वाचलेल्या टोलचा आनंद राहत नाही.

सबसिडी परत येईल म्हणून थांबत असाल तर थांबू नका. खासगी कारला पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या सबसिडी योजनेत काही नाहीच. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला, म्हणजे फरक कमी झाला. तुमच्याइतकं रोजचं चालणं असेल तर तरीही हिशोब जुळतो. दिवसाला पंधरा किलोमीटरवाल्यानं मात्र पेट्रोलच घ्यावी.

तुमचं पार्किंग तळघरात आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घरात शिरली, तेव्हा माझ्या मित्राची पेट्रोल कार छतापर्यंत बुडाली होती. बॅटरीच्या आयपी-६७ चं, म्हणजे पाणी-धूळ आत न शिरण्याच्या दर्जाचं, जे कौतुक करतात ते एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढंच. विम्यात बॅटरीचं वेगळं संरक्षण घ्या, आणि पाऊस चढला की गाडी वर रस्त्यावर आणून लावा, शेजारी हसले तरी.