ओरखड्याचे पैसे माझ्या पगारातून!

‘ताई, वय २४. नाशिकला कारच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. पगार १८ हजार. टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाइकाच्या हातून डेमो गाडीला ओरखडा गेला, तर माझ्या पगारातून साडेसहा हजार कापले. महिनाभर सुट्टी नाही. टार्गेट हुकलं की टीएल (टीम लीडर) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाट्टेल ते बोलतो. एन्क्वायरी दाखवायला मित्रांचे नंबर टाकायला लावतात. बाबा मात्र मुलगा शोरूमला आहे म्हणून मिरवतात. सोडू का नोकरी?’

सोड, पण उद्याच नको. तुमचा इन्सेंटिव्ह डिलिव्हरीनंतर उशिरा येतो आणि राजीनामा दिला की तो ‘बघू’ म्हणत लटकतो. त्यामुळे तू दिलेल्या प्रत्येक गाडीची बुकिंग आणि डिलिव्हरीची तारीख आजपासून स्वतःच्या वहीत लिही. इन्सेंटिव्हचा हिशोब एचआरकडून मेलवर मागून घे.

आता तो ओरखडा. डेमो गाडीचाही विमा असतो. क्लेम केला होता का, एवढंच आधी विचार. नुकसानीपोटी पगार कापायचा तर कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, आणि नुकसान त्याच्या हलगर्जीपणाने झालेलं असावं लागतं. स्टिअरिंग तर गिऱ्हाइकाच्या हातात होतं! हे मेलवरच विचार, केबिनमध्ये तोंडी नको. सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही, शोरूमचा खरा धंदाच त्या दिवशी. पण आठवड्यातून एक दिवस मिळायलाच हवा, तसा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा (२०१७) आहे. दाद लागली नाही, तर कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज दे.

टीएलला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव. त्यालाही सकाळच्या मीटिंगमध्ये वरून शिव्या बसत असतील, पण म्हणून त्याने त्या तुझ्यावर काढाव्यात असं नाही.

मित्रांचे नंबर टाकणं मात्र बंद कर. यात मी तुझ्या बाजूने नाही. एंट्री तुझ्या लॉगिनवरून होते. उद्या चौकशी लागली तर टीएल हात वर करून मोकळा होईल.

बाबांना सांगच. दसऱ्याला हार घातलेल्या गाडीपुढे पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरलेल्या कुटुंबाचा फोटो काढणारा त्यांचा मुलगा दुपारी चारपर्यंत उपाशी असतो, हे त्यांना कुठून कळणार?

आणि बँकेचे कार लोनवाले तुमच्याच शोरूममध्ये टेबल टाकून बसतात ना? त्यांच्याकडे जागा आहे का, चहाच्या टपरीवर हळूच विचारून बघ.